शर्त लिहायची कुठे?

गेल्या रविवारी आमची एक जुनी विद्यार्थिनी वालिदांना घेऊन घरी आली. निकाह पंधरा दिवसांवर. तिचे बी.एड.चे एक वर्ष बाकी आहे. ते पुरे करायचे, मग नोकरी करायची, हे मुलाकडच्यांनी साखरपुड्यातच कबूल केले आहे. “आपा, हे कागदावर यायला हवं,” ती म्हणाली. वालिद अवघडले. “लिहून मागितलं तर सोयरे म्हणतील, आमच्यावर भरवसा नाही.”

मग मेहर का लिहून घेता, एवढेच आम्ही विचारले. निकाह मुळात करारच. शरीअत आणि कायदा यांना सोडून नसलेली शर्त त्यात घालता येते.

पण भगिनींनो, शब्द जपून हवेत. १८८२ साली कलकत्ता हायकोर्टाने लग्नाआधीचा एक करार मान्य केला. ठरलेल्या अटी मोडल्या तर पत्नीने स्वतः तलाक घ्यावा, असा अधिकार पतीने तिला त्यात दिला होता. हाच तलाक-ए-तफवीज. उलट, पुढे वेगळे झालो तर इतका खर्च देईन, असे आधीच ठरवणारा करार मुंबई हायकोर्टाने १९१२ साली रद्दबातल धरला. म्हणून नुसते “मुलगी शिकेल” लिहून भागत नाही. शिकू दिले नाही तर तिला कोणता अधिकार, तेही लिहावे लागते.

मेहरची एक गंमत. लगेच द्यायची ती मुअज्जल आणि नंतर द्यायची तीही मुअज्जल! उर्दूत एक ‘ऐन’ने लिहितात, दुसरी ‘हमजा’ने, देवनागरीत दोन्ही सारख्याच. तेव्हा सरळ “निकाहवेळी दिली” किंवा “बाकी” असे लिहून रक्कम अक्षरी घालावी.

छापील निकाहनाम्यात जागा पुरेना, म्हणून पुरवणी जोडायचे ठरले. तिच्यावरही दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या, आणि एक प्रत मुलीकडे. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात वकिली करणाऱ्या ओळखीच्या बाईंनी मसुदा तपासून दिला.

वालिद तो घेऊन मिरजेला जाऊन आले. शिक्षणाची शर्त मंजूर आहे, मुलगा तर लगेच सही करतो म्हणाला. त्याचे मामू मात्र ‘तफवीज’ या शब्दावर अडलेत. शुक्रवारी जुम्यानंतर वालिद पुन्हा जाणार आहेत. या खेपेला मुलीनेही सोबत यायचे म्हटले आहे.