कोट नसलेली वकील

लग्न असो, बारसं असो नाहीतर कॉलेजचं गेट-टुगेदर, प्रश्न ठरलेला. ‘सध्या काय करतेस गं?’ मी म्हणते, ‘एका प्रॉडक्शन हाऊसमध्ये लीगलला आहे.’ झालं! समोरच्याच्या डोळ्यांत हॅलोजन पेटतात. ‘अय्या, म्हणजे हिरो-हिरोइनी रोज दिसत असतील!’

दिसतात ना. त्यांच्या सह्या दिसतात. कराराच्या प्रत्येक पानाच्या तळाशी, गाडीत बसल्या बसल्या केलेल्या. बाकी हिरो मला तुमच्याइतकाच दिसतो, म्हणजे लिंक रोडच्या होर्डिंगवर.

तर मंडळी, या वेळी माझ्याच जमातीविषयी. ‘लॉ झालंय, मीडियात जाऊ का? स्पोर्ट्समध्ये स्कोप आहे का?’ असं विचारणाऱ्यांचे मेसेज हल्ली दर आठवड्याला येतात. जायचं तर जरूर जा. पण आधी हे वाचा.

एकच अशील, पण केव्हाही

फर्ममधल्या वकिलाकडे पन्नास अशील असतात. आमच्याकडे एकच, जो पगार देतो तो. फर्मवाल्याला भेटायला अपॉइंटमेंट लागते. आमचा अशील पॅसेजच्या पलीकडे बसतो आणि हातात चहाचा कप घेऊन विचारतो, ‘दोन मिनिटं आहेत?’ त्या दोन मिनिटांत आमचा दिवस जातो.

सकाळी क्रिएटिव्हची मुलगी येते. हिरोच्या खोलीत भिंतीवर एक मस्त पेंटिंग लावलंय, चालेल ना? चित्र कोणाचं? माहीत नाही. मग नाही चालणार. दुपारी एडिटरचा फोन. हिरोइनच्या मोबाइलची रिंगटोन म्हणून एक जुनं गाणं टाकलंय, फक्त सहा सेकंद! त्या सहा सेकंदांत हक्क दोन प्रकारचे. शब्द आणि चाल यांचा एक, त्या रेकॉर्डिंगचा दुसरा. परवानग्याही दोन. संध्याकाळी प्रोड्यूसर साहेब. ‘हे टायटल दुसऱ्या कोणी वापरलं तर त्याला कोर्टात खेचू!’ साहेब, नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ‘देसी बॉईज’च्या प्रकरणात सांगून ठेवलंय.

नुसत्या कल्पनेवरही कॉपीराइट नसतो, ती मांडली कशी त्यावर असतो. हा निकाल १९७८ चा, आर. जी. आनंद यांच्या खटल्यातला. आमच्या धंद्यात तो पाढ्यासारखा पाठ असतो. पण तेवढ्यावर खूश होऊन कोणाची आयडिया ढापायची नाही. विश्वासाने दाखवलेली कन्सेप्ट नोट परस्पर वापरता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाने २००३ मध्ये एका मालिकेच्या वादात बजावलंय. थोडक्यात काय, आमचं काम ‘नाही’ म्हणणं. आणि ‘नाही’ वेळेवर म्हणणं.

वेळ चुकली की काय होतं? २००८ चा ‘क्रेझी ४’ आठवतोय? रिलीज तोंडावर आलेलं. एका संगीतकाराने हायकोर्ट गाठलं. त्याचं म्हणणं, माझ्या जाहिरातीची धून तुमच्या गाण्यांत आहे. कोर्टाने ती गाणी ठेवून सिनेमा लावायला मनाई केली आणि शेवटी तडजोड करावी लागली. प्रिंट तयार, थिएटर बुक, पोस्टर लागलेली, अशा वेळी तडजोड किती रुपयांत होते ते मी सांगायला नको. हा हिशेब रिलीजच्या चार महिने आधी केला असता तर कितीतरी स्वस्तात पडला असता.

कधीकधी ‘नाही’ सेटवर जाऊन म्हणावं लागतं. लहान मुलांचा डान्स शो, गोरेगावचा फ्लोअर, रात्रीचे साडेनऊ. ‘आणखी एकच टेक,’ डायरेक्टर म्हणतो. बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम सांगतात की मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या कमाईचा किमान वीस टक्के हिस्सा त्याच्याच नावाने बँकेत ठेवायचा. सात वर्षांची ती पोर खुर्चीत पेंगत होती. मी घड्याळ दाखवलं. पॅकअप झालं. त्या युनिटने दुसऱ्या दिवशी मला नाश्त्याला विचारलं नाही. चालायचंच.

यावच्चंद्रदिवाकरौ

आता एक गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही.

२०१७. माझी या क्षेत्रातली पहिलीच नोकरी. मराठी सिनेमा, पाच गाणी. त्यातली दोन पंढरपूरकडच्या एका शाळामास्तरांनी लिहिलेली. मला कॉम्प्युटरवरचा तयार मसुदा दिला गेला. ‘नाव आणि रक्कम टाक, पाठवून दे.’ मी टाकलं, पाठवून दिलं. मसुद्यात लिहिलं होतं की सर्व हक्क, सर्व माध्यमांत, साऱ्या विश्वात, कायमचे. विश्वात बरं का, नुसतं जगात नाही! उद्या मंगळावर थिएटर निघालं तर तिथेही. माझे बाबा कराडला वकील. त्यांच्याकडच्या जुन्या दस्तांत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असायचं, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत. तेच हे, फक्त इंग्रजीत आणि बारीक टायपात. खाली आणखी एक ओळ होती की लेखक रॉयल्टीचा हक्क सोडून देत आहे.

दोन दिवसांनी मास्तरांचा फोन. ‘मॅडम, इंग्रजी फार आहे हो यात. तुम्ही वकील आहात ना? तुम्हीच सांगा, सही करू का?’

मी गप्प. अगदी खरं सांगते, असा प्रश्न येईल असं लॉ कॉलेजच्या पाच वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. ‘करा’ म्हणाले तर फसवणूक. ‘नका करू’ म्हणाले तर ज्याचा पगार खाते त्याच्याशी दगा. शेवटी म्हणाले, ‘सर, मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही तुमच्या वकिलाला दाखवा. आणि दोन दिवस सही करू नका.’

ते म्हणाले, ‘बरं.’ एवढंच. पण त्या ‘बरं’ने मला झोप लागेना. रात्री कायदा उघडून बसले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर राज्यसभेत तिच्या बाजूने बोलले होते. त्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा हक्क सोडूच शकत नाहीत. थिएटरात सिनेमासोबत गाणं वाजलं तर वेगळी गोष्ट. पण रेडिओ, टीव्ही, मोबाइल, इतर कुठेही वाजलं की निर्मात्याइतकाच वाटा त्यांचा. हा हक्क द्यायचा तर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, आणि याच्याविरुद्ध केलेला करार रद्दबातल. म्हणजे आमचा मसुदा दुरुस्तीच्या आधीचा होता. कायदा बदलून पाच वर्षं झाली होती आणि फाइलचं नाव तेवढं बदलत होतं!

सकाळी बॉसच्या केबिनमध्ये गेले. ‘ही ओळ काढावी लागेल.’ बॉस म्हणाले, ‘अगं, सगळे हेच वापरतात.’ मी मास्तरांचं नाव काढलं नाही. न्याय, अन्याय, गरीब कलावंत, एकही शब्द नाही. मी एवढंच म्हणाले, ‘सर, ही ओळ आपल्याच अंगाशी येईल. सिनेमा चॅनेलला विकताना त्यांचे वकील एकेक करार तपासतील. हा कागद बघितला की ते बाकीच्या सगळ्या कागदांवर शंका घेतील आणि पैसे अडकतील.’ बॉसनी चष्मा काढला, पुसला, घातला. ‘काढ मग.’ ओळ गेली. नुसती त्या करारातून नाही, मसुद्यातूनच गेली.

या नोकरीचं मर्म मला त्या दिवशी कळलं. आपण कंपनीचे वकील, हे एक क्षणभरही विसरायचं नाही आणि समोरच्यालाही विसरू द्यायचं नाही. पण कंपनीचं खरं हित बऱ्याचदा सरळ कागदातच असतं. ते तसं दाखवून देणं, तेही बॉसच्या भाषेत, हेच आपलं कसब. नेहमी जमतं का? नाही. दोनदा हरलेय. दोन्ही वेळा लेखी नोंद ठेवली आणि दुसऱ्यांदा नोकरी सोडली.

जर्सीवरचं नाव

‘मला सिनेमा नको, क्रिकेट हवं,’ म्हणणारे पुष्कळ. स्पोर्ट्समध्ये काम तेच, आकडे मोठे. जून २०२२ मध्ये बीसीसीआयने २०२३ ते २०२७ या पाच मोसमांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क विकले ४८,३९० कोटींना. भारतातले टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारला, डिजिटलचे वायकॉम १८ ला. आता विचार करा, दिवाणखान्यातल्या स्मार्ट टीव्हीवर अ‍ॅप लावून मॅच बघितली तर ती टीव्हीवर बघितली की डिजिटलवर? हसू नका, असल्या व्याख्येवर हजारो कोटी उभे असतात आणि ती व्याख्या कोणीतरी रात्री जागून लिहिलेली असते. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये ही दोन्ही घरं एक होऊन जिओस्टार झालं, ते सोडा. त्या कागदपत्रांत किती वकिलांचे वीकेंड गेले असतील!

आणि ऑगस्ट २०२५? ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आली. लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपतींची सही, सगळं तीन दिवसांत. टीम इंडियाच्या जर्सीवर तेव्हा ड्रीम इलेव्हनचं नाव होतं. करार संपला आणि सप्टेंबरच्या आशिया कपमध्ये आपली टीम मुख्य स्पॉन्सरशिवाय खेळली. अपोलो टायर्स आले ते त्यानंतर. तुम्हा-आम्हाला जर्सी जरा मोकळी दिसली. माझ्यासारख्यांना मात्र एकच प्रश्न पडला, ‘कायदा बदलला तर काय?’ हे कलम कोणी किती नीट लिहिलं असेल? करार करताना सगळ्यात कंटाळवाणं वाटतं ते हेच कलम. त्यावरून पटकन पुढे जाऊ नका.

सनदेचं काय?

हे मात्र कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. सनद स्थगित करावी लागते. म्हणजे काळा कोट कपाटात. आमच्याच कंपनीची केस हायकोर्टात चालते तेव्हा मी मागच्या बाकावर बसून बाहेरून नेमलेल्या वकिलांना चिठ्ठ्या पाठवते.

सनद मिळाली तेव्हा बाबांनी तिची झेरॉक्स फ्रेम करून कराडच्या घरी लावली होती. मी ती स्थगित केल्याचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कोट नाही म्हणजे तू वकील की कारकून?’ लागलं मला. पण प्रश्न चुकीचा नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही साधारण त्याच वळणाचं उत्तर दिलंय. कंपनीचा पगारी वकील हा कोर्टात प्रॅक्टिस करणारा अ‍ॅडव्होकेट नव्हे, सबब अ‍ॅडव्होकेट आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेचं पूर्ण संरक्षण त्याला नाही. मिळालं तर मर्यादित. म्हणजे बॉसला पाठवलेली ई-मेल उद्या कोर्टात वाचली जाऊ शकते, हे धरूनच लिहायची. माझा नियम सोपा आहे. जे न्यायाधीशांसमोर मोठ्याने वाचायला लाज वाटेल, ते टाइप करायचं नाही.

जाता जाता

तर, यायचंय? मग हे करा. आधी दोन-तीन वर्षं फर्ममध्ये किंवा कोर्टात काढा, कारण भांडण झालं की कागदाचं काय होतं हे बघितल्याशिवाय कागद नीट लिहिता येत नाही. कॉपीराइट कायदा गाइडमधून नको, मूळ वाचा. कलम १८ आणि १९ दोनदा. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असल्या गोष्टी तिथेच सापडतात. सेटवर एक अख्खा दिवस उभे राहा. इंटरव्ह्यूमध्ये ‘मला सिनेमाची पॅशन आहे’ म्हणू नका, सगळेच म्हणतात. ‘मी आधी शेवटचं पान वाचते’ म्हणा.

आणि हो, मास्तर. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. ‘मॅडम, रॉयल्टी आली!’ किती, विचारलं. दोघांनी पोटभर मिसळ खाऊन वर चहा घ्यावा, एवढी. पण आवाज असा, जणू मुलाचा दहावीचा निकाल लागलाय. मग जरा थांबून म्हणाले, ‘एक विचारू? तेव्हा तुम्ही नक्की कोणाच्या वकील होतात?’

‘कंपनीच्याच, सर,’ मी म्हणाले.

‘बरं,’ ते म्हणाले. या वेळच्या ‘बरं’ने मात्र छान झोप लागली.