जुन्या जॅकेटचा हट्टी वास

थंडी आली की बाजारात जुन्या जॅकेटांचे ढीग लागतात. आम्हीही धाकट्यासाठी एक घेतले. दोनदा धुतले तरी कुबट वास जाईना. वर्गात मुले नाक दाबतात म्हणून तो जॅकेट घरीच ठेवून कुडकुडत शाळेला जाऊ लागला. वरून अत्तर लावून पाहिले, तर दोन्ही वास एकत्र झाले!

कुबट वास बुरशीचा. अर्धी बादली पाण्यात एक वाटी पांढरा सिरका घालून जॅकेट तासभर भिजवा, मग साबणाने धुऊन उलटे करून उन्हात वाळवा. अस्तर ओलसर राहिले तर सगळी मेहनत वाया. सिरक्यात ब्लीच मात्र कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. डांबरगोळ्यांचा वास नुसत्या धुण्याने हटत नाही, त्याला आठवडाभर वाराच हवा. चामडे भिजवू नका, कडक उन्हातही टाकू नका. खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका.

एका बहिणीने विचारले, एवढे करून वास राहिला तर नमाज होईल का? कुबट वास म्हणजे नजासत नव्हे. कपडा नीट धुऊन पाक केला असेल, तर नुसत्या वासाने नमाजला बाधा येत नाही.

आमचे जॅकेट तिसऱ्या उन्हानंतर शाळेत गेले.