कोणते पुस्तक कशासाठी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि पुढे चार महिन्यांनी दिल्लीस साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून माळव्यातील मराठी मंडळींत एक जुनी चर्चा नव्याने सुरू झाली आहे. मुलांनी मराठी वाचावे असे वाटते ना, मग त्यांच्या हाती द्यायचे काय? ही चर्चा इंदुरास चालते तशी टोंकखुर्दसारख्या देवास जिल्ह्यातील तहसिलीच्या गावीही चालते. तेथे मराठी घरे थोडी, शाळा हिंदी, आणि मराठी पुस्तक हवे तर ते बाहेरून आणायचे. अशा घरातील ग्रंथालय म्हणजे एक लाकडी कपाट. थोरली माणसे गेली, घराची वाटणी झाली, की ते ठेवायचे की रद्दीत घालायचे हा प्रश्न येतोच.

अशी दोन-तीन कपाटे मी त्या बाजूस उघडून पाहिली आहेत. वरच्या फळीवर ज्ञानेश्वरी आणि दासबोध, त्याखाली हरिभाऊ आपटे व नाथमाधव, मग साने गुरुजी. मागच्या रांगेत, कुणाच्या चटकन नजरेस पडू नयेत अशा बेताने, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' मात्र कपाटात नसतेच. ती स्वयंपाकघरात, हळदीच्या बोटांसकट. वडीलधारी मंडळी म्हणतात, वरची फळी जपा, बाकीचे जाऊ द्या. मला हे पटत नाही. वाचनाची गोडी ही एकच वस्तू आहे, आणि ती थोर पुस्तकांत जास्त व हलक्या पुस्तकांत कमी असते, अशी यामागची समजूत आहे. वस्तुतः प्रत्येक जातीच्या पुस्तकातील गोडी निराळी असते. एकीचे काम दुसरी करीत नाही.

याचे फार चांगले उदाहरण खुद्द देवासचेच आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. येताना त्यांनी एका अपुऱ्या कादंबरीची पहिली प्रकरणे बरोबर आणली होती. पण खरा हिंदुस्थान डोळ्यांपुढे आला आणि कागदावरचा फिका पडला. लेखन पुढे सरकेना. ते पुरे झाले विलायतेस परतल्यावर, आणि १९२४ मध्ये 'अ पॅसेज टु इंडिया' निघाली. देवासहून घरी धाडलेली पत्रे मात्र १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात आली. नावातील टेकडी म्हणजे आपली देवीची टेकडी.

गोकुळाष्टमीचा उत्सव या दोन्ही पुस्तकांत आहे. पत्रे वाचताना मौज वाटते ती ही, की हे सारे खरोखर घडले; त्या गर्दीत आपले पणजोबाही उभे असतील. लिहिणाऱ्याला काही समजते, काही समजत नाही, आणि उद्या काय होणार हे त्याला मुळीच ठाऊक नाही. कादंबरीत तोच उत्सव एका कल्पित संस्थानात होतो, आणि त्या धामधुमीत दुरावलेले दोन मित्र पुन्हा समोरासमोर येतात. येथे लेखकाला पुढचे सर्व ठाऊक आहे, आणि आपल्याला सुख होते ते धागे जुळताना पाहण्याचे. माणूस तोच, गाव तेच, रात्रही बहुधा तीच. पण वाचकाला मिळणारी वस्तू दोन ठिकाणी दोन. मला विचाराल तर देवासकराने आधी पत्रे वाचावीत. महाराजांच्या कारभाराचे त्यातील चित्र जुन्या घराण्यांना रुचणार नाही हे खरे, पण लेखकाची त्यांच्यावरील मायाही त्यात लपत नाही.

आपल्या भाषेतही तसेच. सत्तावनच्या बंडाचा इतिहास वाचला की कारणे समजतात, फौजा कोठून कोठे गेल्या ते समजते. परंतु वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि त्या वणव्यात सापडले. महू, उज्जैन, ग्वाल्हेर करीत झांशीच्या वेढ्यात अडकले. 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापून काढला. त्यात भूक आहे, भीती आहे, आणि गाठीला बांधलेल्या पैशांची काळजी आहे. माळव्याच्या मराठी माणसाला त्यातील वाटा पायाखालच्या वाटतात. ही गोडी इतिहासग्रंथ देत नाही, आणि त्याने ती द्यावी अशी अपेक्षाही करू नये.

आता मागच्या रांगेकडे येतो. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतील बऱ्याच एकमेकींसारख्या आहेत, हे मी कशाला नाकारू? पण त्यांत एक गुण असा, की वाचणारा शब्दापाशी थांबत नाही. पुढे काय झाले ही ओढ त्याला खेचून नेते. टोंकखुर्दच्या मुलाला नेमके हेच हवे आहे. लिपी त्याला हिंदीमुळे येते. शाळेच्या हिंदीत नसलेला 'ळ' देखील गावच्या मालवीमुळे त्याच्या कानावर असतो. अडते ते एवढेच, की दर ओळीत दोन शब्द अनोळखी लागतात. ज्ञानेश्वरीत तो पहिल्या ओवीलाच थबकेल. दरोडेखोराच्या मागे लागला तर पन्नास पाने ओलांडून जाईल, आणि अनोळखी शब्द वाटेत आपोआप ओळखीचे होतील. मुलगी असो वा सून, 'रुचिरा'तील एक कृती करून पाहताना तिचेही तसेच होते. तेथील गोडी तर अक्षरशः जिभेवरची.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले आणि राज्यात ग्रंथालयांचे खाते उभे केले. त्या खात्याकडून लाकडी पेट्यांत पुस्तके भरून खेडोपाडी धाडली जात. एका गावाची वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. इंदूर-देवासच्या आपल्या मंडळांनी, वर्षाकाठी एक व्याख्यान कमी करून, अशी एखादी पेटी सोनकच्छ, टोंकखुर्द या बाजूस फिरवायला काय हरकत आहे? मात्र पेटी भरणाऱ्यांनी वरच्याच फळीकडे पाहू नये. एक प्रवासवर्णन, एक कादंबरी, एखादा पत्रसंग्रह, पाककृतींचे एक पुस्तक, आणि निम्म्या रहस्यकथा. कोणती पुस्तके अधिक फाटून परत येतात तेवढे पाहावे, आणि दुसरी पेटी त्यावरून भरावी.