जनावर कोण संपवतं : शिकारी की तेलवाला?



गेल्या महिन्यात तालुक्याच्या बैठकीत एक साहेब आपल्याला म्हणाले, "तुम्ही लोक शिकार करता, म्हणून जंगलात जनावर उरलं नाही." आपण माना खाली घालून ऐकून घेतलं. मीही गप्प बसलो. ते चुकलं. साहेबाला उत्तर द्यायला पाहिजे होतं. ते आज देतो, आणि मुद्दाम फार लांबच्या डोंगरातून आणून देतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की हे फक्त आपलंच रडगाणं.

अमेरिकेच्या पार उत्तरेला अलास्का राज्य आहे. तिथे ब्रुक्स नावाची डोंगररांग आहे. वर्षातला बहुतेक काळ बर्फ. शेती पिकत नाही. आर्क्टिक व्हिलेज नावाच्या गावाला जायला रस्ताच नाही, लहान विमानाने उतरावं लागतं. या डोंगराच्या दक्षिणेला आणि सरहद्दीपलीकडे कॅनडात ग्विचिन आदिवासी राहतात. पंधराएक गावं, सगळी मिळून सात हजारांच्या आसपास माणसं. त्यांचं पोट कॅरिबूवर चालतं. कॅरिबू म्हणजे थंड मुलखातलं मोठं हरीण. त्याच्या मादीलाही शिंगं असतात.

या कळपाला तिथल्या एका नदीवरून पॉर्क्युपाइन कळप म्हणतात. 1989 च्या मोजणीत त्यात 1 लाख 78 हजार जनावरं होती. थंडी सरली की माद्या डोंगर ओलांडून उत्तरेला समुद्राकाठच्या सपाटीवर जातात आणि जूनच्या सुरुवातीला तिथे वितात. तिथे लांडगे-अस्वलं कमी, आणि समुद्राच्या वाऱ्याने डासही कमी. मग कळप पिल्लं घेऊन परत फिरतो. ग्विचिन त्याच्या वाटेवर शिकार करतात. पूर्वी लाकडाची लांब कुंपणं घालून फास लावायचे, आता बंदूक आहे. मांस वाळवून ठेवतात, वाटून खातात. कातडं, हाडं, शिरा, सगळं कामाला येतं.

आणि त्यांचे नियम ऐका. कळपाची पहिली टोळी आली की तिला जाऊ द्यायचं, कारण मागचे तिच्याच वाटेने येतात. जिथे माद्या वितात तिथे शिकारीला जायचं नाही, उपासमार असली तरी नाही. त्या जागेला ते 'जिथे जीवन सुरू होतं ती पवित्र जागा' म्हणतात. हा नियम कोणा रेंजरने लावला नाही. हजारो वर्षं ही माणसं कॅरिबू मारून खातायत, आणि कळप अजून लाखाच्या वर आहे! मग साहेब, शिकारीने जनावर संपतं हे कुठल्या हिशेबात बसतं?

आता धोका कोणापासून आहे ते बघा. 1968 साली त्याच किनाऱ्यावर, थोडं पश्चिमेला, तेल सापडलं. 1980 च्या कायद्याने मोठं अभयारण्य केलं, पण विण्याच्या जागेतलीच 15 लाख एकर सपाटी 'पुढे ठरवू' म्हणून बाजूला ठेवली. 1987 साली सरकारी खात्याने शिफारस केली, ती तेलासाठी उघडा. म्हणजे ग्विचिन माणूस जिथे भुकेला असूनही पाय ठेवत नाही, तिथे कंपनी यंत्रं उतरवणार. 1988 साली दोन्ही देशांतले ग्विचिन आर्क्टिक व्हिलेजमध्ये जमले आणि एकमताने म्हणाले, नाही. 1991 च्या नोव्हेंबरात ते विधेयक सिनेटात अडलं. पण तेलवाले पुन्हा येणारच.

कोणी म्हणेल, आता बंदूक वापरतात, मग कसले आदिवासी? साहेब बैलगाडी सोडून जीपमध्ये बसले तर साहेबच राहतात ना? मग आम्हीच तेवढं जुन्या हत्याराने पोट भरावं हा न्याय कुठला?

आणखी एक युक्तिवाद असतो, समानतेचा. गावात राहून शिकारीवर पोट भरणाऱ्याला पहिला हक्क, असं कायदा म्हणत होता. 1989 साली अलास्काच्या वरच्या कोर्टाने ठरवलं की हे राज्यघटनेत बसत नाही, सगळे सारखे. म्हणजे शहरातून विमानाने येऊन भिंतीवर शिंगं टांगणारा आणि हिवाळ्याचं मांस साठवणारी म्हातारी एकाच रांगेत! शेवटी केंद्र सरकारला मध्ये पडावं लागलं. आपल्याकडे साहेब आणि राजे वाघांच्या राशी घालून फोटो काढून गेले. 1972 चा कायदा आला आणि केस कोणावर झाली? सशामागे गेलेल्या पोरावर. गार्डाला कोंबडी पोचली तर केस नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे.

पण मला सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढेच आहे. 1971 साली अमेरिकेने अलास्कातल्या आदिवासींशी 'कायमचा निकाल' केला. 4 कोटी 40 लाख एकर जमीन आणि 96 कोटी 25 लाख डॉलर. त्या बदल्यात बाकी मुलखावरचा दावा संपला, आणि शिकार-मासेमारीचा वडिलोपार्जित हक्कही संपला. मिळालेली जमीनसुद्धा गावाच्या नावावर केली नाही, कंपन्या काढून त्यांच्या नावावर केली, आणि आदिवासी झाला शेअरवाला. त्या डिसेंबरनंतर जन्मलेल्या पोरांना मुळात शेअरही नव्हते. आज किनाऱ्यावरच्या इनुपियात आदिवासींची मोठी कंपनी तेलाच्या बाजूने उभी आहे. मी त्या माणसांना दोष देत नाही. जमिनीचा कागद कंपनीचा झाला की कंपनी नफ्याचीच भाषा बोलणार. भावाला भावासमोर उभा करणारा तो कागदच आहे.

आर्क्टिक व्हिलेज आणि शेजारच्या व्हेनेटाय गावाने मात्र पैसा आणि शेअर नाकारले. आपली 18 लाख एकर जमीन तेवढी घेतली. गरीब राहिले, पण आज 'नाही' म्हणायला त्यांच्या पायाखाली जमीन आहे.

आपल्याकडे नर्मदेच्या धरणात महाराष्ट्रातली 33 गावं बुडिताखाली आली, जंगल बुडालं, त्यातलं जनावर बुडालं. त्याची केस कोणावर करायची, साहेब? ससा मारला तर गुन्हा, रान बुडवलं तर विकास! आणि आपल्यालाही आता सांगतायत, रोख घ्या नि मोकळे व्हा. रोख किती दिवस पुरते ते आपण लग्नसराईत बघतोच.

म्हणून पुढच्या बैठकीत दोन कामं. एक, प्रत्येक पाड्याने म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणायचं : आपल्या रानात कुठलं जनावर कधी मारायचं नाही, कुठल्या देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही. आपलेही नियम आहेत, ते साहेबासमोर ठेवू. दुसरं, रोख रकमेच्या कागदावर कोणी एकट्याने अंगठा द्यायचा नाही. गाव बसेल, गाव ठरवेल.

आणि परत कोणी शिकारीवरून बोललं, तर मान खाली घालू नका. विचारा : आम्ही खाल्लं किती, आणि तुम्ही बुडवलं किती?

जिंदाबाद!