नाणी विम्यात लिहून घ्या : हदगावच्या नाणेसंग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : घरात जपलेल्या नाणेसंग्रहाला विम्याचे संरक्षण मिळण्याबाबत

महोदय,

हदगाव तालुका सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथला व्यवहार हाली सिक्क्यात चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. १९५९ मध्ये हाली सिक्का कायमचा बाद झाला, पण देवघरातल्या डब्यांतून आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटांतून तो हलला नाही. तो नीट लावून ठेवणारे आम्ही शिक्षक, दुकानदार, शेतकरी आहोत. श्रीमंत छंदिष्टांची ही तक्रार नव्हे, एवढे आधी लक्षात घ्यावे.

‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घरविमा पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. तिच्या वगळलेल्या बाबींत सोन्याचांदीच्या लगडी, हस्तलिखिते, रोखे, धनादेश यांच्या पंगतीला नाणीही बसवली आहेत. पॉलिसीत वेगळे लिहून घेतले असेल तरच ती धरतात. एजंटाला विचारले तर तो म्हणतो, पैसे घरात कशाला ठेवता, बँकेत भरा. निजाम महबूब अली खानांच्या काळातला चारमिनार छापाचा रुपया कोणती बँक भरून घेणार?

त्याच पॉलिसीत जादा हप्ता भरून दागिने, चांदीची भांडी, चित्रे, पुराणवस्तू ठरलेल्या किमतीला उतरवता येतात. एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि एक वस्तू एक लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखलाही लागत नाही. आता गंमत पाहा. चारमिनारी रुपयाला सोनाराकडून कडी डाखून घेतली आणि तो माळेत ओवला की तो दागिना झाला, विम्यात बसला. पण डाख लागताच संग्राहकाच्या लेखी नाणे संपले, उरली ती चांदी. म्हणजे विमा हवा असेल तर नाणे आधी खराब करा!

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, वगळलेल्या बाबींत ‘चलनात असलेली नाणी व नोटा’ एवढेच शब्द ठेवावेत. चलनातून गेलेली, संग्रहातली नाणी मौल्यवान वस्तूंत धरावीत आणि पाच लाख व एक लाखाची सवलत त्यांनाही द्यावी. संचातले एकच नाणे गेले तर उरलेल्या संचाची किंमतही उतरते; दाव्यात तेही मोजावे.

चोरीचे कलम तर आमच्या कामाचेच नाही. आग, पूर अशा विमाकृत घटनेमुळे आणि ती घडल्यापासून सात दिवसांत झालेली चोरीच या पॉलिसीत धरतात. कयाधू नदीच्या पुरात घर सोडले आणि मागे डबा गेला, तर दावा होईल. लग्नाला परगावी गेलो आणि कुलूप तुटले, तर होणार नाही. घरफोडीचे संरक्षण याच पॉलिसीला जोडून मिळावे. लॉकर घ्या, हे त्यावर उत्तर होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट, म्हणजे दोन हजार भाड्याला दोन लाखांवर थांबते; पूर, भूकंपाला तीही नाही.

खरा पेच किमतीचा आहे. तालुक्याचा सराफ निजाम उस्मान अली खानांचा चांदीचा रुपया काट्यावर टाकतो, अकरा ग्रॅमच्या थोडे वर, तोळ्याला कमी, आणि चांदीचा भाव सांगतो. त्याचे चूक नाही, त्याचा धंदाच तो. पण त्याच वजनाच्या दोन रुपयांत हिजरी सन, राज्यवर्ष आणि ठशाची स्पष्टता यांनी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चिंचेने घासून चकचकीत केलेले नाणे तर निम्म्यात जाते. हे ओळखणारा माणूस हदगावात बोलावून आणणे सोपे नाही.

कागद म्हणावा तर तोही नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपुढचे नाणे पुरावशेष ठरते, मात्र मूर्ती-चित्रांप्रमाणे त्याची सक्तीची नोंदणी नाही. संचालनालयाने वर्षातून एकदा नांदेडला शिबिर घ्यावे, नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, व्यास आणि ओळख नोंदवून शिक्क्याचा दाखला द्यावा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिची मदत घेता येईल. भाव शासनाने सांगावा असे आम्ही म्हणत नाही. तो मूल्यांककाने ठरवावा. ओळख तेवढी पक्की असावी.

नांगराला लागलेल्या हंड्यासाठी आम्ही विमा मागत नाही. दहा रुपयांवरचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हा १८७८ चा कायदा आम्हांला ठाऊक आहे. मात्र घरचे संग्रह क्षुल्लक समजू नयेत. तेरचे शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी स्वतः जमवलेल्या वस्तूंवर उभे आहे.

आणखी एक. विम्यासाठी दिलेली यादी कंपनीने गोपनीय ठेवावी, एजंटाच्या मोबाइलवर तिचे फोटो राहू नयेत. हदगावात सकाळी कुणाच्या घरी काय निघाले ते संध्याकाळी बसस्टँडवर कळते. आज आमच्यातले काही जण विमा टाळतात ते हप्त्यामुळे नव्हे, या धास्तीने.

वाजवी जादा हप्ता भरायची आमची तयारी आहे. सुधारित कलमाचा मसुदा मराठीत पाठवावा; त्यावर आमचे म्हणणे लेखी कळवू.

आपले,
हदगाव तालुक्यातील नाणेसंग्राहक