नानांचा डायनॅमो

मराठीच्या प्राध्यापकाने विजेच्या भानगडीत पडू नये, हे आमच्या सौ.चे मत मला एरवी पूर्ण मान्य आहे. घरातला फ्यूज उडाला तर तो बसवायला शेजारचे चिरंजीव येतात आणि मी मेणबत्ती धरतो. तरीही यंदाच्या दिवाळीला या सदरात शुद्धलेखन आणि विद्यार्थी हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून मी अल्टरनेटरवर लिहिणार आहे. त्याला कारण झाली गेल्या पावसाळ्यातली खंबाटकी घाटातली एक रात्र.

आमच्याकडे १९६१ सालची अँबॅसडर आहे. ‘आमच्याकडे’ म्हणजे नानांकडे. वडिलांनी ती १९७८ साली जुनी म्हणूनच घेतली. तेव्हापासून ती घरातली थोरली सून आहे. २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी काढली, तेव्हा मी नानांना ती सुचवून पाहिली. पण तशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही हे कळल्यावर नाना म्हणाले, “गाडी फिरवायची नाही, तर ठेवायची कशाला? लोणचं घालायला?”

त्या रात्री आम्ही पुण्याहून वाईला एका बारशाला निघालो होतो. सौ., कन्या आणि मी. नाना घरीच होते. घाटात शिरलो तो वर कुठेतरी ट्रक आडवा झालेला. पाऊस धो धो. हेडलाइट चालू, वायपर चालू, इंजिन चालू आणि गाडी जागच्या जागी. दहा पावले पुढे जायचे, थांबायचे. तासाभराने वायपर दमेकऱ्यासारखा चालू लागला. मग हेडलाइट तांबूस झाले, आणि एका वळणावर इंजिनाने मान टाकली. सेल्फ मारला तर नुसता ‘टक्’ आवाज. तेवढ्यात मागून ब्रेकची किंकाळी आली आणि आमच्या मागच्या काचेत एका ट्रकचे तोंड भरून राहिले. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, “अहो साहेब, मागचा दिवा तरी लावा!” दिवा लावलेलाच होता. तो पेटवायला बॅटरीत काही उरले नव्हते. ट्रक आणि आमची डिकी यांच्यात दोन हातांचे अंतर होते. कन्या मागच्या सीटवर झोपली होती.

सौ. तेव्हा काही बोलली नाही. वाईला पोचल्यावर बोलली. ते इथे देत नाही.

नानांना हकिगत सांगितली तर ते म्हणाले, “डायनॅमो उत्तम आहे. तू दिवे विझवून थांबायला हवं होतंस.” घाटात, पावसात, दिवे विझवून! पण डायनॅमोविषयी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दर दसऱ्याला सकाळी नाना डायनॅमो उतरवतात, बारीक काचपेपरने त्याचा कॉम्युटेटर स्वच्छ करतात, कार्बन झिजले असतील तर बदलतात, आणि मग गाडीला झेंडूची माळ चढते. माझ्या लहानपणी तो काचपेपर धरून बसण्याचा मान माझ्याकडे असे. शमीपूजन आमच्याकडे संध्याकाळी, डायनॅमोपूजन सकाळी.

नाना खोटे बोलत नव्हते. आमच्या पेठेत गाड्यांचे वायरिंग करणारे एक चाचा आहेत. त्यांनी मला कागदावर हिशेब मांडून दिला तेव्हा हे कळले. डिपरवर पंचावन्न वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टने भागले की नऊ अँपिअर. मागचे-पुढचे बारके दिवे दोन, वायपर तीन, इग्निशन कॉइल तीन-चार, आणि पाय ब्रेकवर असला की आणखी साडेतीन. झाले वीस-एकवीस. हा डायनॅमो जोरात फिरला तर बावीस अँपिअर देतो, म्हणजे काठावर पास! पण गाडी उभी राहून इंजिन मंद फिरू लागले की तो जवळजवळ काहीच देत नाही. सगळा खर्च बॅटरीतून. “सर, डायनॅमोची चूक नाय,” चाचा म्हणाले, “तो मोकळ्या रस्त्याचा माणूस. आता रस्ता मोकळा कुठाय?”

दोन्ही यंत्रांतला फरक मला व्याकरणामुळे चटकन कळला. डायनॅमोत वीज तयार करणारी जाड गुंडाळी स्वतः फिरते, आणि सगळा प्रवाह कॉम्युटेटर व कार्बन यांच्या घासाघाशीतून बाहेर येतो. म्हणून तिला फार वेगाने फिरवता येत नाही. अल्टरनेटरमध्ये प्रयोग बदलतो. वीज देणारी गुंडाळी स्थिर, आणि फिरतो तो चुंबक. त्याला लागणारा दोन-चार अँपिअरचा प्रवाह तेवढा कार्बनमधून आत जातो. त्यामुळे पुली लहान घालून त्याला भरपूर वेगाने फिरवता येते आणि गाडी सिग्नलला उभी असतानाही तो कमावता राहतो. निघणारी वीज उलटसुलट वाहणारी, ती सिलिकॉनचे डायोड सरळ करतात. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर बसवला, म्हणजे आमची गाडी जन्मली तेव्हा तो जगात आलेला होता.

दुकानदार मला नव्या गाडीचा नव्वद अँपिअरचा नग देत होता. प्राध्यापकाला मोठा आकडा दाखवला की तो भुलतो, हे दुकानदारांना कोण शिकवते कोण जाणे. चाचांनी तो परत पाठवला. एवढे ओझे एकुलत्या फॅनबेल्टला ओढवत नाही, बेल्ट घसरतो. आणि जुन्या वायरींतून तेवढा प्रवाह गेला तर त्या तापतात. एकवीसची गरज, बॅटरी भरायला वरचे दहा-पंधरा. चाळीस पुरे झाले. रेग्युलेटर आतच असलेला, आणि कान असे असावेत की इंजिनवरच्या मूळ ब्रॅकेटला एखादी चकती घालून बसेल. भोके पाडायची नाहीत, कापाकापी करायची नाही. उद्या वाटले तर डायनॅमो जसाच्या तसा परत चढला पाहिजे. ही अट माझी. चाचांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना नाना माहीत होते.

नाना नवरात्रात आत्याकडे कोल्हापूरला गेले आणि आम्ही काम काढले. शब्द निवडूनही ‘चोरून’ हाच शब्द सुचतो.

पहिला अडसर बॅटरीचा. जुन्या विलायती धाटणीच्या पुष्कळ गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, आमच्याही. अल्टरनेटरला ऋण टोक सांगाड्याला लागते. उलटी बॅटरी त्याला जोडली तर डायोड क्षणात जळतात. म्हणून आधी बॅटरी फिरवली. धन टोक जाड आणि ऋण टोक बारीक असते, त्यामुळे दोन्ही क्लँप बदलले. कॉइलवरच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल केली, नाहीतर ठिणगी अशक्त पडते.

मग कटआउटची पेटी. तिच्यातल्या तारा चाचा सोडवू लागले आणि मला एकदम घरच्यासारखे वाटले. जाड तपकिरी वायरी एकमेकींना जोडल्या : संधी. डायनॅमोच्या फील्डची वायर टेप लावून दुमडून ठेवली : लोप. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडून येणारी पिवळी वायर अल्टरनेटरच्या लहान टोकाला दिली : आदेश. मोठ्या टोकापासून सेल्फच्या सोलेनॉइडवर बॅटरीची केबल येते तिथवर सहा चौरस मिलिमीटरची नवी वायर ओढली आणि तिच्यात बॅटरीजवळ फ्यूज घातला. पेटी रिकामीच जागेवर ठेवली, शोभेला.

त्या लाल दिव्याची गंमत ऐका. किल्ली फिरवली की त्याच्यातूनच थोडी वीज अल्टरनेटरच्या चुंबकाला मिळते आणि तो जागा होतो. बल्ब उडालेला असेल तर अल्टरनेटर चांगला असूनही उठेलच याचा भरवसा नाही. आणखी एक गोष्ट चाचांनी मला दोनदा सांगितली : इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लँप काढायचा नाही. डायनॅमोच्या काळात मिस्त्री लोक चार्जिंग पाहायला खुशाल काढत. इथे डायोड जातात.

इंजिन मंद चालवून सगळे दिवे आणि वायपर लावले आणि मीटर धरला. चौदाला किंचित कमी. सौ. स्वतः खाली येऊन आकडा पाहून गेली.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी नानांना स्वारगेटला आणायला गेलो. पहिल्याच सिग्नलला त्यांची नजर डॅशबोर्डवर. पूर्वी गाडी उभी राहिली की लाल दिवा मिणमिणायचा. आता तो गप्प होता.

“दिवा गेलाय,” नाना म्हणाले. “बल्ब घे नवा.”

“हो,” मी म्हणालो. पंचवीस वर्षे वर्गात न अडखळता बोलणारा मी त्यापुढे एक अक्षर बोलू शकलो नाही.

सकाळी उठून पाहतो तो नाना आंघोळ करून, काचपेपरची घडी हातात घेऊन बोनेट उघडून उभे. मी धावत खाली गेलो. ते बराच वेळ आत पाहत होते.

“डायनॅमो कुठाय?”

मी तो जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता, आणून दिला. नानांनी पायरीवर बसून तो उलगडला आणि नेहमीसारखा कॉम्युटेटर घासायला घेतला. काचपेपरचे दुसरे टोक धरायला त्यांनी या खेपेला कन्येला हाक मारली. काम झाल्यावर फुंकर मारली, एक झेंडूचे फूल ठेवले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठून पुन्हा गाडीपाशी आले. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने बेल्ट दाबून पाहिला.

“ढिला आहे. अर्धा इंच दबला पाहिजे, हा इंचभर जातोय. पाना आण.”

मी पाना आणला.

“आणि लाल दिवा उडाला तर?”

“तर तो चार्ज करेलच असं नाही, नाना.”

“मग दोन बल्ब जादा घेऊन ठेव. डिकीत नको, इथं ग्लोव्हबॉक्समध्ये ठेव. रात्री घाटात डिकी कोण उघडणार?”