निवडीचा भ्रम

बिटकॉइनसारखे आभासी चलन स्वीकारणाऱ्या ऑनलाइन कॅसिनोंपैकी चांगला कोणता, अशी विचारणा आज अनेक तरुण करतात. निवड आपल्या हाती आहे, हा या प्रश्नामागील समजच मुळात भ्रामक होय.

युरोपीय रूलेच्या चक्रावर ३७ घरे असतात. एका घरावरील पैज जिंकल्यास नफा मात्र ३५ पटच मिळतो. म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे मालकाचे. सोडतीत लबाडी नाही हे गणिताने पडताळता येईल, अशी ग्वाही यांतील पुष्कळ कॅसिनो देतात. ती खरी धरली तरी मालकाचा हिस्सा तसूभरही घटत नाही. प्रामाणिक सोडतही अखेर त्यालाच जिंकून देते.

आभासी चलनामुळे खेळणाऱ्याची दाद मागण्याची वाटही बुजते. नोंदला गेलेला व्यवहार फिरवता येत नाही. मध्ये बँक नसते. परवाना पुष्कळदा कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओ बेटाचा. गिरणगावात मटक्याचा आकडा घेणारा निदान नाक्यावर सापडत असे!

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्यात शिक्षा आहे ती खेळविणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाची ने-आण करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. हे योग्यच झाले. परंतु बँकेचा दरवाजा लावला तरी आभासी चलनाची खिडकी उघडी राहते. तेथे कायद्याचा पहारा पुरणार नाही. वस्तीवस्तीत वरील हिशेब मांडून दाखविणे, हे कार्यकर्त्यांचेच काम आहे.